कळफलकाचे व्याकरण

नाशिकरोड स्थानक मागे टाकून गाडी ओढ्याच्या दिशेने निघाली म्हणजे मळ्यांच्या वर ज्या उंच चिमण्या दिसू लागतात, त्या एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या. आणि त्या चिमण्यांच्या शेजारास राहणाऱ्या माणसाने दिवाळी अंकात लिहावयाचे तर कोळसा, राख किंवा गोदावरीचे पाणी यांवर लिहावे, अशी अपेक्षा कोणी केल्यास ती न्यायास धरूनच होईल. परंतु सरकारी दप्तरात मसुदे लिहिण्यात आणि त्याहून अधिक काळ ते दुरुस्त करण्यात ज्याची हयात गेली, अशा माझ्यासारख्या कारकुनास निवृत्तीनंतर एका जुनाट, एकमार्गी आणि प्रथमदर्शनी निव्वळ तुसड्या वाटणाऱ्या संगणकीय संपादकाचा नाद लागला, आणि त्या नादाने गेले वर्षभर घरातल्यांचा जो छळ झाला, त्याची थोडी भरपाई म्हणून तरी त्याची हकीकत लिहून ठेवणे मला प्राप्त आहे. या संपादकाचे नाव व्हीआय. आणि त्याचा आज सर्वत्र रूढ असलेला सुधारित अवतार म्हणजे व्हिम.

निमित्त घडले ते आमच्या माडीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याचे. इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात तो माहिती-तंत्रज्ञान शिकतो. पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकाला लिनक्सवर एक पत्तावही तयार करावयास सांगतात: नवी वही उघडणे, ती पाहणे, नोंद घालणे, नोंद वगळणे, नोंद बदलणे आणि बाहेर पडणे, एवढ्या सहा कलमांचा तो कारभार. मुलाने व्हीआय उघडला आणि फाइलच्या माथ्यावर इंग्रजीत ‘ॲड्रेस’ असे टंकित केले, तो पडद्यावर पहिला ‘ए’ गायब आणि उरलेली अक्षरे मात्र जशीच्या तशी उमटलेली. सगळे पुसून, पुन्हा आरंभ करून त्याने ‘बुक’ लिहिले, तर ‘बी’ला यंत्र कुरकुरले, पहिल्या ‘ओ’ने एक कोरी ओळ उघडली आणि तिच्यावर ‘ओके’ एवढीच अक्षरे उमटली. म्हणजे सारे ठीक आहे, असे वर तोंड करून सांगितल्यासारखे! मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, यातनं बाहेर कसं पडायचं?” मला ठाऊक नव्हते. शेवटी त्याने यंत्राचे बटण दाबून सुटका करून घेतली. त्याच्या पत्तावहीतले सहावे कलम त्याच्यावरच असे उलटले. अर्थात या पेचात तो एकटा नाही. जगभरच्या आज्ञावलीकारांच्या एका प्रसिद्ध प्रश्नोत्तरस्थळावर हाच प्रश्न पाहणाऱ्यांची संख्या २०१७ सालीच दहा लाखांच्या पलीकडे गेली होती. उत्तर मात्र ओळभराचे आहे: एस्केपची कळ दाबावी, मग अपूर्णविराम, मग ‘क्यू’, केलेले बदल टाकून द्यावयाचे असल्यास त्यापुढे उद्गारचिन्ह, आणि शेवटी एंटर.

झाले होते ते असे. सामान्य संपादकात ‘ए’ची कळ दाबली की ‘ए’ उमटतो, सदासर्वकाळ. व्हीआयमध्ये मात्र कळेचा अर्थ अवस्थेवर अवलंबून असतो. संपादक उघडतो तो आज्ञेच्या अवस्थेत, ज्याला नॉर्मल मोड म्हणतात; तिथे प्रत्येक अक्षर हा हुकूम आहे. ‘ए’ म्हणजे कर्सरच्या पुढे लिहावयास लाग, ‘ओ’ म्हणजे खाली नवी ओळ उघडून लिहावयास लाग, ‘बी’ म्हणजे एक शब्द मागे जा. लेखनाची अवस्था, म्हणजे इन्सर्ट मोड, ही मागून घ्यावी लागते आणि काम होताच एस्केप दाबून परत करावी लागते. लिहिण्याच्या साधनाने लिहिणे ही आपली मूळ स्थिती मानू नये, हे ऐकून प्रथम माझेही डोके फिरले. पण मग मी माझ्याच नोकरीचा हिशेब मांडून पाहिला. कच्चा खर्डा लिहिण्यास जो वेळ लागे, त्याच्या कितीतरी पट वेळ तो वाचण्यात, त्यातील कलमे वरखाली करण्यात, साहेबांनी मारलेले शेरे उतरवण्यात आणि रुजुवात घेण्यात जात असे. आज्ञावली लिहिणाऱ्यांचेही तसेच असते. तेव्हा ज्या कामात अधिक काळ जातो, त्यालाच घर मानणारा हा संपादक मला वाटला तितका विक्षिप्त नव्हता.

अवस्थाभेदाची ही कल्पना मला खऱ्या अर्थाने उमगली ती मात्र आमच्या कॉलनीतल्या, एकलहऱ्याच्या केंद्रातून निवृत्त झालेल्या एका ऑपरेटर मित्रामुळे, आणि तीही चहाच्या टपरीवर. अशा केंद्राच्या नियंत्रण कक्षात बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी राखावी लागते. “हे बघा,” मित्र म्हणाला, “कंट्रोलर मॅन्युअलवर असला तर माझ्या हाताने थेट व्हॉल्व्ह हलतो. ऑटोवर टाकला की तोच हात फक्त पातळी किती हवी ते सांगतो. व्हॉल्व्ह किती उघडायचा ते कंट्रोलर ठरवतो. हात तोच, पॅनेल तेच.” आणि मग जे बोलला ते मला फार मोलाचे वाटले: “म्हणून आधी दिव्याकडे बघायचं, मग हात लावायचा.” व्हिमच्या पडद्याच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात लेखनावस्थेत ‘इन्सर्ट’ असा शब्द उमटतो. नवशिक्यांपैकी कोणाचीही नजर तिथे जात नाही. तो दिवाच आहे.

या अवस्थाभेदाला थोर शत्रूही लाभले. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या क्रिया संगणकावर रूढ करणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रगण्य आहे, त्या लॅरी टेस्लर यांचा असल्या अवस्थांना इतका कडवा विरोध होता की, त्यांनी आपल्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवरच ‘नो मोड्स’ अशी अक्षरे घेतली होती. माणसाला आपण कोणत्या अवस्थेत आहोत याचे विस्मरण होते आणि अनर्थ घडतो, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. आमच्या ‘बुक’चे ‘ओके’ झाले ते त्यामुळेच. पण ज्याला दिव्याकडे बघण्याची सवय लागली, त्याच्यापुरता तो आक्षेप फार दुबळा होतो, असे माझे मत आहे.

या आज्ञा इतक्या तुटक का, याचे उत्तर इतिहासात आहे. १९७६च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात शिकत असलेल्या बिल जॉय यांनी व्हीआय रचला, तो घरून, सेकंदाला ३०० बिटांच्या मोडेमवरून. म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. आणि २४ ओळी व ८० स्तंभांच्या पडद्यावर मावतात १,९२० अक्षरे, तेव्हा पडदा एकदा पूर्ण भरावयाचा तर मिनिटापेक्षा अधिक वेळ. अशा दारिद्र्यात एकाक्षरी हुकूम हीच चैन होती. त्यांच्यापुढे होता तो लिअर सिग्लर कंपनीचा एडीएम-३ए नावाचा टर्मिनल, ज्याच्या ‘एच, जे, के, एल’ या कळांवर डावा, खालचा, वरचा आणि उजवा असे बाण छापलेले होते; म्हणून आजही व्हिममध्ये त्याच चार कळांनी हिंडतात. एस्केपची कळ त्या यंत्रावर आजच्या टॅबच्या जागी, म्हणजे करंगळीच्या टप्प्यात होती. आज ती पार कोपऱ्यात जाऊन बसली आहे. म्हणून कित्येक जाणते लोक कॅप्स लॉकच्या निरुद्योगी कळेकडेच एस्केपचे काम सोपवतात. माझ्या करंगळीस पहिल्या महिन्यात जी कळ लागली, ती या फेरबदलानंतर थांबली.

आता शिकण्याविषयी. मी पहिली चूक केली ती अशी की, आज्ञांचा एक मोठा तक्ता छापून भिंतीवर डकवला आणि पाढ्यांसारखा पाठ करू लागलो. आठवड्याने तो उतरवला, कारण त्यातली शंभरेक कलमे एकमेकांशी नाते नसलेली वाटत होती; आणि वस्तुतः ती सारी एकाच व्याकरणाची रूपे होती. ‘डी’ म्हणजे वगळ, ‘सी’ म्हणजे बदल, ‘वाय’ म्हणजे नक्कल घे. ही झाली क्रियापदे. ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द, डॉलरचे चिन्ह म्हणजे ओळीच्या अंतापर्यंत, उजवा महिरपी कंस म्हणजे परिच्छेदाच्या अंतापर्यंत, मोठा ‘जी’ म्हणजे फाइलीच्या अंतापर्यंत. ही झाली कर्मे. ‘डीडब्ल्यू’ म्हटले की शब्द गेला. मध्ये तिनाचा आकडा घातला की तीन शब्द गेले. क्रियापदे तीन आणि कर्मे बारा एवढी पंधरा अक्षरे पाठ केली की छत्तीस हुकूम हाती येतात, आणि चौथे क्रियापद शिकताच एकदम आणखी बारा. व्हिमने या व्याकरणात एक सुंदर भर घातली: ‘सी’, मग ‘आय’, मग कंस, अशा तीन कळा दाबल्या की कर्सर कंसात कुठेही असो, आतला मजकूर पुसला जातो आणि नवा लिहावयास आपण मोकळे. कागदावर ‘कंसातील मजकूर बदलावा’ असा शेरा आमचे साहेब मारीत, तो तंतोतंत हाच.

आणि पूर्णविराम! आपल्याकडे त्याने वाक्य संपते. व्हिमच्या आज्ञावस्थेत पूर्णविराम दाबला की मागील फेरफार पुन्हा घडतो. एखाद्या यादीतील चाळीस नावांपुढची जुनी पदवी बदलावयाची असता मी एकदा बदल करतो, मग पुढच्या नावावर जाऊन पूर्णविराम, पुन्हा पुढे, पुन्हा पूर्णविराम. ज्या दिवशी हे जमले, त्या दिवशी मी चहा गार होऊ दिला.

शिकण्यासाठी पुस्तक लागत नाही. व्हिमबरोबर ‘व्हिमट्यूटर’ नावाचा पाठ येतो. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधील मायकेल पिअर्स आणि रॉबर्ट वेअर यांनी तो मुळात तयार केला. अर्ध्या तासाचा हा पाठ म्हणजे चुकांनी भरलेली एक फाइल असते आणि विद्यार्थ्याने ती जागच्या जागी सुधारावयाची असते. शुद्धलेखनाच्या वहीची आठवण व्हावी, असा हा प्रकार आहे. पण अर्ध्या तासात कळते ते बुद्धीला, बोटांना नव्हे. तरुणपणी नाशिकरोडला मराठी टंकलेखन शिकताना मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा द्यावयास सहा महिने लागले होते. आणि त्या यंत्रावर शिफ्टची कळ धरली की तोच दांडा दुसरे अक्षर छापतो, काही मात्रा उमटताना गाडा पुढे सरकतच नाही, या गोष्टी बोटांनी केव्हा आत्मसात केल्या हे मला आजही सांगता येणार नाही. व्हिमच्या पहिल्या पंधरवड्यात माझा वेग निम्म्यावर आला. दर आठवड्यास दोन नव्या आज्ञा, त्याहून एकही अधिक नाही, असा नियम केल्यावर तो परत आला.

व्हिम रचणारे ब्राम मूलेनार हे डच गृहस्थ. १९९१ साली त्यांनी अमिगा संगणकासाठी तो प्रसिद्ध केला आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये मृत्यू येईपर्यंत त्याची जोपासना केली. संपादक फुकट, वाटलेच तर युगांडातील किबाले येथील मुलांसाठी काही द्यावे, एवढीच त्यांची विनंती, आणि ती संपादक उघडताच पडद्यावर दिसते. देणगीच्या आवाहनांना सरावलेल्या माझ्या मनालाही ती ओळ कधी खटकली नाही.

मराठी लिहिणाऱ्यापुढे मात्र एक निराळी अडचण उभी राहते, जिचा विचार बर्कलेत कोणी केला असणे शक्य नव्हते. भारतीय मानकाच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर, जो मी वापरतो, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. त्यामुळे ‘एच, जे, के, एल’ या चार कळांवर अनुक्रमे प, र, क, त ही अक्षरे बसलेली आहेत. कळफलक मराठीत ठेवून आज्ञावस्थेत खाली जाऊ गेलो की व्हिमला ‘र’ ऐकू येतो आणि तो मख्खपणे बसून राहतो. लेखनासाठी ‘आय’ दाबावे तर पोहोचतो ‘ग’. यावर तोड आहे. व्हिमच्या मांडणीच्या फाइलीत ‘लँगमॅप’ नावाच्या तजविजीखाली असे कलम घालता येते की, आज्ञावस्थेत ‘प’ आला तर तो ‘एच’ समजावा, ‘र’ला ‘जे’ आणि ‘ग’ला ‘आय’. सारी अक्षरे बसवण्यात माझी एक दुपार गेली, आणि माडीवरचा विद्यार्थी तोवर आपली पत्तावही पुरी करून सहाव्या कलमानिशी सुखरूप बाहेर पडला होता. आता घोटाळा उरला आहे तो उलट दिशेचा. परवा पाण्याची टाकी धुण्याची सूचना मी शेजाऱ्यांसाठी साध्या संपादकात लिहिली, तेव्हा खालच्या ओळीवर जाण्यासाठी बोट आपोआप पडत गेले; आणि जिन्याखालच्या फलकावर ‘रविवारी सकाळी पाणी बंद राहील’ या मजकुरापुढे ‘ररर’ अशी तीन अक्षरे आजही आहेत.