मुदतीबाहेरची सेवा

रत्नागिरीतून परदेशी निघणारा तरुण डॉक्टर ‘दोन-तीन वर्षांत परततो’ असे सांगूनच उंबरठा ओलांडतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनला अल्पकाळाच्या सेवेसाठीच गेले होते. वडील निवर्तल्याची वार्ता त्यांना तेथेच कळली. तरीही जखमींना सोडून ते परतले नाहीत. पथकातील सहकारी यथावकाश मायदेशी आले. कोटणीसांनी १९४१ मध्ये परिचर्या शिकविणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. पुत्राचे नाव ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. तो तान्हा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीसांचे देहावसान झाले. छिंगलान मात्र पुढे अनेकदा भारतात सासरच्या माणसांना भेटण्यास आल्या. मुलगा परतला नाही. सुनेसाठी घराचे दार उघडेच राहिले.