कोरडा ट्रॅप आणि प्रसाधनगृहातील दुर्गंधी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. या कोरड्या उष्णतेत महिनाभर कुलूपबंद राहिलेल्या घराचे, वसतिगृहाचे किंवा शाळेचे प्रसाधनगृह उघडले की गटाराचा उग्र वास अंगावर येतो आणि त्याचा दोष बहुतेक वेळा सफाई कामगारावर किंवा घरातील बाईवर ढकलला जातो. या वासाचे खरे कारण पुष्कळदा अस्वच्छता हे नसून फरशीखालच्या ट्रॅपमधील पाणी आटणे हे असते, आणि ते माहीत नसल्यामुळे फिनेल, ॲसिड व सुगंधी वड्यांवर पैसा खर्च होऊनही वास जिथल्या तिथे राहतो.

मोरीच्या जाळीखाली बसवलेल्या वाटीसारख्या किंवा वाकड्या नळीच्या भागाला नहाणी ट्रॅप म्हणतात. त्याचे बाहेर जाणारे तोंड मुद्दाम वर ठेवलेले असते, त्यामुळे सांडपाणी वाहून गेल्यावरही थोडे पाणी वळणात साचून राहते. खोलीतील हवा आणि गटारातील हवा यांना एकमेकींपासून तोडणाऱ्या या साचलेल्या पाण्याला जलबंध म्हणतात. त्याची खोली साधारणपणे ५० मिलिमीटर असावी असा बांधकामशास्त्राचा दंडक आहे. बाजारात मिळणाऱ्या उथळ ट्रॅपमध्ये ती बरीच कमी भरते, तर कमी पाण्यात चालणाऱ्या ग्रामीण शौचालयाच्या भांड्याखाली ती २० मिलिमीटरच ठेवलेली असते. नळी वाकवून तिच्यात पाणी अडवण्याची ही युक्ती जुनी आहे. लंडनमधील घड्याळे बनवणारे स्कॉटिश कारागीर अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये वळणाची नळी असलेल्या शौचकूपाचे पेटंट घेतले, आणि आजच्या प्रत्येक संडासात, बेसिनखाली व मोरीत तेच तत्त्व काम करते.

गैरसमज १ : वास येतो म्हणजे फरशी नीट धुतलेली नाही.

वस्तुस्थिती अनेकदा नेमकी उलट असते. रोज वापरली व धुतली जाणारी मोरी ट्रॅपमध्ये आपोआप पाणी भरत राहते, तर जी मोरी कोरडी ठणठणीत आणि दिसायला स्वच्छ असते तिच्याच ट्रॅपमधील पाणी उडून जाते. बंद खोलीत जाळीखालचे पाणी रोज दीड मिलिमीटर उडते असे हिशेबापुरते धरले, तर ५० मिलिमीटरचा जलबंध सुमारे ३३ दिवसांत आणि २० मिलिमीटरचा अवघ्या १३ दिवसांत तुटतो. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे तेथील प्रसाधनगृहे जवळजवळ दोन महिने आणि तीही वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पडून राहतात. पाहुण्यांसाठी राखलेली खोली, लग्नसराईपुरते उघडणारे मंगल कार्यालय, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांच्या वाट्याचा वरचा मजला यांचीही गत तीच असते. घर राहते असले तरी पाणीटंचाईच्या दिवसांत ओल्या फडक्याने फरशी पुसून भागवले, तर मोरीत तांब्याभर पाणीही उतरत नाही.

गैरसमज २ : जाळी बसवली की वास आणि झुरळे दोन्ही अडतात.

जाळीचे काम केस, साबणाचे तुकडे आणि कचरा अडवणे एवढेच आहे; वायूला तिची छिद्रे मोकळीच असतात. झुरळे रोखणाऱ्या खास जाळ्यांनी किड्यांची ये-जा बरीच कमी होते, पण वास अडवण्याचे काम शेवटी पाण्यालाच करावे लागते. म्हणून मोरीतून एकाएकी झुरळे आणि बारीक माश्या येऊ लागल्या तर जलबंध तुटल्याची ती एक खूण समजावी, कारण ज्या वाटेने वास येतो तीच वाट त्यांनाही मोकळी झालेली असते.

गैरसमज ३ : फिनेल आणि ॲसिड भरपूर ओतले की वास जातो.

फिनेलचा स्वतःचा उग्र गंध गटाराच्या वासावर काही तास कुरघोडी करतो, एवढाच त्याचा परिणाम. त्याबरोबर बादलीभर पाणी ओतले गेले तर वास खरोखर थांबतो, पण ती किमया पाण्याची असते आणि श्रेय फिनेल घेऊन जाते. संडास धुण्याचे ॲसिड, म्हणजे पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल, सिमेंटचे सांधे आणि फरशीमधील भरणी खाते, त्यामुळे ते वारंवार वापरले तर आज नसलेली गळती उद्या सुरू होते. याहून गंभीर बाब अशी की ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो आणि लहानशा बंद खोलीत तो फुप्फुसांना इजा करतो. म्हणून ही दोन द्रव्ये एकाच वेळी किंवा एकामागोमाग एक कधीही वापरू नयेत.

गैरसमज ४ : एक्झॉस्ट पंखा सतत चालू ठेवला की वास राहणार नाही.

पंखा खोलीतील हवा बाहेर फेकतो तेव्हा तितकीच हवा कुठून तरी आत यावी लागते. दार घट्ट बंद असेल, खिडकी नसेल आणि ट्रॅप कोरडा असेल, तर ती हवा गटारातूनच ओढली जाते. म्हणजे वास घालवण्यासाठी लावलेला पंखा वास आणण्याचे काम करतो. पंखा हवाच, परंतु दाराखाली फट किंवा दारात झडप ठेवून त्याला स्वच्छ हवेची वाट दिली पाहिजे. पंखा सुरू करताच वास वाढतो असा अनुभव आल्यास ट्रॅप कोरडा असल्याचा तो जवळजवळ खात्रीचा पुरावा मानावा.

गैरसमज ५ : छतावर गेलेल्या व्हेंट पाइपचा काही उपयोग नाही, तो बुजवला तरी चालतो.

सेप्टिक टाकीतून किंवा मैला वाहून नेणाऱ्या नळातून वर काढलेला हा उघडा पाइप डासांच्या भीतीने विटेने, चिंध्यांनी किंवा प्लास्टिकची पिशवी बांधून बंद केलेला अनेक घरांवर दिसतो. या पाइपला दोन कामे असतात. टाकीत तयार होणारे वायू माणसांच्या डोक्यावरून दूर नेणे हे पहिले काम. पाइप बुजवल्यास तेच वायू सर्वांत कमकुवत जलबंधातून घरात बुडबुडत येतात. वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाण्याचा लोंढा उभ्या नळातून खाली जाताना मागे पोकळी निर्माण करतो. ती भरून काढायला वरून हवा मिळाली नाही तर खालच्या ट्रॅपमधील पाणी शोषले जाते. ही हवा पुरवणे हे दुसरे काम. मोरीतून येणारा गुडगुड आवाज ही या शोषणाची खूण होय. भारतीय मानकानुसार सेप्टिक टाकीचा व्हेंट पाइप किमान ५० मिलिमीटर व्यासाचा असावा, त्याच्या टोकावर डास अडवणारी बारीक तारेची जाळी असावी, टाकी घरापासून १५ मीटर किंवा अधिक दूर असल्यास त्याची उंची सुमारे २ मीटर आणि त्याहून जवळ असल्यास इमारतीच्या माथ्यापासून २ मीटर वर असावी. डासांवरचा उपाय ही जाळी आहे. पाइप बुजवणे हा उपाय नव्हे.

गैरसमज ६ : ट्रॅपमध्ये रॉकेल किंवा जळके ऑइल टाकले की पाणी उडत नाही.

पाण्यावर तेलाचा पातळ थर असला की बाष्पीभवन मंदावते, हे तत्त्व बरोबर आहे. परंतु रॉकेल ज्वलनशील असते व स्वतःच उडून जाते, तर वाहनाचे जळके ऑइल शोषखड्ड्यातून जमिनीत आणि पुढे विहिरीच्या पाण्यात उतरण्याचा धोका असतो. विदर्भाच्या ओळखीचे जवसाचे तेलही येथे उपयोगाचे नाही, कारण हवेत ते घट्ट होऊन चिकट साय धरते आणि तिला कचरा चिकटतो. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन हे बिनवासाचे, न कुजणारे खनिज तेल यासाठी योग्य ठरते. घर किंवा वसतिगृह बंद करताना ट्रॅप पाण्याने काठोकाठ भरून त्यावर दोन-तीन चमचे तेल सोडावे. वापर सुरू झाला की ते पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून प्रत्येक सुट्टीला ते नव्याने टाकावे लागते.

गैरसमज ७ : पाणी ओतल्यावरही वास परत आला, म्हणजे कारण दुसरेच आहे आणि फरशी फोडावी लागणार.

पाणी ओतणे हा उपायाइतकाच निदानाचाही मार्ग आहे आणि वास किती वेळाने परत येतो यावरून कारण बरेचसे ओळखता येते. प्रथम जाळी काढून विजेरीच्या उजेडात ट्रॅपमध्ये पाहावे. पाणी असेल तर उजेड त्यावर चमकतो व हलतो, नसेल तर तळ किंवा सुकलेला गाळ दिसतो. मग तांब्या-दोन तांबे पाणी सावकाश ओतून खोली तासभर हवेशीर ठेवावी.

त्यानंतर वास तीन-चार आठवडे आला नाही आणि मग पुन्हा आला, तर केवळ बाष्पीभवन झाले असे समजावे आणि आठवड्यातून एकदा पाणी ओतण्याचा नेम धरावा. एका रात्रीत पाणी नाहीसे झाले, तर ट्रॅपला तडा गेला आहे किंवा पोछ्याचा धागा अथवा केसांची बट ट्रॅपच्या आतल्या काठावरून पलीकडे लोंबते आहे. असा धागा दिव्याच्या वातीप्रमाणे थेंबाथेंबाने सगळे पाणी ओढून पलीकडे सोडतो, आणि तो बोटाने किंवा हुकाने काढून टाकणे एवढ्यावरच काम भागते. वरच्या मजल्यावरील फ्लशनंतर पाण्याची पातळी उतरत असेल, तर व्हेंट पाइप तपासावा. पाणी जागेवर असूनही वास जात नसेल, तर मात्र तो दुसरीकडून येत आहे. पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी जाळीवर रात्रभर ठेवावी. सकाळी वास गेला असेल तर दोष त्या मोरीत, राहिला असेल तर संडासाच्या भांड्याचा सांधा, बेसिनखालील बॉटल ट्रॅप, मोरीत सैल खुपसलेली बेसिनची नळी किंवा बाहेरचा चेंबर पाहावा. मुतारीजवळ वास अमोनियासारखा झोंबणारा असेल तर तो गटाराचा नसून साचलेल्या लघवीच्या क्षारांचा असतो आणि तेथे घासून धुणे हाच उपाय आहे.

वर्धा परिसरात बाहेरच्या चेंबरकडे विशेष लक्ष देण्याचे एक कारण जमिनीत आहे. येथील काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. या वार्षिक हालचालीने पाया कच्चा असलेले चेंबर कलतात, नळांचे सांधे उकलतात आणि भिंतीलगतचा गली ट्रॅप, म्हणजे घरातील सांडपाणी बाहेरच्या गटाराला जोडणारा ट्रॅप, तडकतो. फरशी फोडण्याआधी अंगणातील हे सांधे तपासणे स्वस्तही असते आणि बहुधा फलदायीही.

गैरसमज ८ : वास येईनासा झाला म्हणजे वायूही गेला.

गटाराचा कुजक्या अंड्यासारखा वास मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा असतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात व टाकीत तळाशी साचतो. अत्यल्प प्रमाणातही नाकाला तो जाणवतो, पण दहा लाख भाग हवेत सुमारे शंभर भाग एवढे प्रमाण झाले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि माणसाला धोका कळत नाही. कोरड्या मोरीतून येणारे प्रमाण सहसा फार कमी असते. त्याने डोके दुखणे, मळमळणे असा त्रास होतो, म्हणून भीतीचे कारण नसले तरी दुर्लक्षाचेही नाही. सेप्टिक टाकी आणि मॅनहोल यांची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. तेथे काही श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही दगावतो. संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करण्यासाठी माणसाला उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. वासाचा माग काढताना टाकीचे झाकण उघडून आत डोकावणे किंवा तेथे काडी पेटवणे कोणीही करू नये, कारण त्याच टाकीत मिथेन हा बिनवासाचा, पेट घेणारा वायूही असतो.

महात्मा गांधी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले, पुढे ते गाव सेवाग्राम झाले, आणि मैला सफाई हे एका जातीच्या माथी मारलेले काम नसून आश्रमातील प्रत्येकाचे कर्तव्य आहे हा धडा या जिल्ह्याने देशाला दिला. तेथील चराच्या संडासात मैल्यावर कोरडी माती टाकून वास आवरला जाई. आजच्या संडासात मातीची जागा पाण्याने घेतली आहे, पण दोन्ही ठिकाणी झाकण टिकवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याचीच आहे. सुट्टीच्या काळात प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि भांड्यात आठवड्याला पाणी ओतण्याचे काम शाळा, वसतिगृह व कार्यालय यांनी एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवून दारामागे त्याची नोंद ठेवली, तर जूनमध्ये परतणाऱ्या मुलांना वासामुळे प्रसाधनगृह टाळावे लागणार नाही आणि जो दोष पाण्याच्या अभावाचा आहे तो सफाई करणाऱ्या माणसाच्या पदरी बांधला जाणार नाही.