भाजलेल्या मातीत हरवलेलं उत्तर

हरभऱ्याच्या बेवडावर ज्वारी चांगली येते, हे मंद्रूपच्या शिवारात कुणाला शिकवावं लागत नाही. सीना आणि भीमा यांच्या मधल्या या काळ्या रानात रब्बीचं पीक जमिनीतल्या ओलीवर निघतं आणि आदल्या साली तिथं काय होतं, हे बघून पेरा ठरतो. कडधान्य रानाला काहीतरी देऊन जातं. पण कुठून आणून? या प्रश्नानं युरोपातल्या शास्त्रज्ञांना जवळपास पन्नास वर्षं झुंजवलं.

१८३८ साली फ्रान्सच्या बूसँगोनं दाखवलं, की वाटाण्यासारखी पिकं जमिनीत नसलेला नत्रही मिळवतात. गहू-ओटला ते जमत नाही. संशय हवेवर होता, कारण हवेत ७८ टक्के नत्रच आहे. १८५७ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रावर लॉज, गिल्बर्ट आणि पग यांनी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. बाहेरून नत्राचा कणही शिरू नये म्हणून माती भाजून घेतली, झाडं काचेखाली झाकली, आत जाणारी हवासुद्धा धुऊन सोडली. झाडं उपाशी राहिली. वनस्पतीला हवेतला नत्र घेता येत नाही, असा निकाल लागला. प्रयोग इतका काटेकोर होता, की त्यावर शंका घेणं अवघड होतं. पण त्याच काटेकोरपणात, मातीबरोबर उत्तरही भाजून निघालं होतं.

जर्मनीत बर्नबुर्गला हेलरीगेल आणि विल्फार्थ स्वच्छ केलेल्या वाळूच्या कुंड्यांत पिकं वाढवत होते. ओटचा हिशेब सरळ होता: जेवढा नत्र घालावा, तेवढी वाढ. वाटाणा मात्र ऐकेना. बिननत्राच्या कुंड्यांत काही रोपं पिवळी पडून मेली. शेजारचीच काही, तशीच पिवळी पडलेली, अचानक हिरवीगार होऊन उठली. दुसऱ्या कुणी सरासरी काढून तो गोंधळ मिटवला असता. या दोघांनी रोपं उपटून मुळं पाहिली. तरलेल्या रोपांना गाठी होत्या, मेलेल्यांना नव्हत्या.

मग त्यांनी शेतातली माती पाण्यात कालवून वरची निवळ कुंड्यांत ओतली. वाटाणा तरारला. तीच निवळ तापवून ओतली, तर काहीच घडलं नाही. म्हणजे आत काहीतरी जिवंत होतं! २० सप्टेंबर १८८६ रोजी बर्लिनच्या सभेत हेलरीगेलनं हे मांडलं, तेव्हा खुद्द गिल्बर्ट तिथं हजर होते. पुढं रॉथमस्टेडनंही ते मान्य केलं. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा काढला. तोच आपला रायझोबियम: झाडाकडून साखर घेतो, हवेतला नत्र मुळाला घेता येईल अशा रूपात देतो.

मला या शोधातली सर्वांत मोलाची वाटते ती पुढची नोंद. वाटाण्याला जागवणारी निवळ ल्युपिन या दुसऱ्या शेंगवर्गीय पिकाला चालली नाही. त्याला ल्युपिनच्याच रानातली माती लागली. म्हणून पेरणीआधी बियाण्याला चोळायचं हरभऱ्याचं जिवाणू संवर्धक वेगळं आणि तुरीचं वेगळं. पाकिटावर पिकाचं नाव आणि मुदत वाचून घ्यावी. २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून दहा किलो बियाण्याला चोळावं आणि बी सावलीत सुकवावं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. उन्हात तापलेल्या पाकिटाची गत त्या तापवलेल्या निवळीसारखीच होते.

पेरणीनंतर सव्वा-दीड महिन्यानं एक रोप अलगद खणून काढावं आणि गाठ नखानं फोडावी. आत गुलाबी दिसलं, तर जिवाणू कामाला लागला आहे.