ताप उतरला, मग पोट आणि डोकं ताळ्यावर का येत नाही?

ताप उतरतो, खोकला थांबतो, चाचणी निगेटिव्ह येते. घरचे म्हणतात, ‘सुटलीस एकदाची!’ काहींचं खरं दुखणं मात्र तिथूनच सुरू होतं. नुकताच वाचलेला परिच्छेद आठवत नाही, ओळखीचं नाव ओठांवर येऊन अडतं, उभं राहिलं की छाती धडधडते. चार घास खाल्ले तरी पोट डब्ब. कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस पोट साफ नाही. एमआरआय, एन्डोस्कोपी, रक्त सगळं नॉर्मल. मग मेंदूचे डॉक्टर पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवतात, ते मानसोपचारतज्ज्ञाकडे, आणि शेजारच्या काकू ओव्याचा अर्क सुचवतात.

कोविडनंतरच्या या दुखण्याला ‘लाँग कोविड’ हे नाव २०२० मध्ये रुग्णांनीच दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली. संसर्गाला साधारण तीन महिने होऊनही असणारी, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं उलगडा न होणारी लक्षणं त्यात येतात.

पोट आणि डोकं एकाच वेळी का बिघडावं? कोरोनाचा विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ या प्रथिनाचा दरवाजा वापरतो, आणि लहान आतड्याच्या अस्तरात ते भरपूर असतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं सौम्य ते मध्यम आजार झालेल्या ११३ जणांची विष्ठा तपासली. घसा केव्हाच विषाणूमुक्त झाला होता, तरी सात महिन्यांनी सुमारे ४ टक्के लोकांच्या विष्ठेत विषाणूचा आरएनए सापडत होता.

२०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढची साखळी मांडली. शरीरातलं सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन सुमारे ९० टक्के मेंदूत नव्हे, आतड्यात तयार होतं, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे अन्नातलं ट्रिप्टोफॅन. विषाणूचे अवशेष आतड्यात रेंगाळले की इंटरफेरॉन ही विषाणूशी लढणारी प्रथिनं वाढतात, दाह होतो, ट्रिप्टोफॅन नीट शोषलं जात नाही आणि सेरोटोनिन घटतं. आतड्याकडून मेंदूकडे निरोप नेणारा व्हेगस हा मज्जातंतू त्यामुळे मंदावतो. उंदरांवरच्या प्रयोगांत याचा परिणाम स्मरणशक्तीवर झालेला दिसला. प्रत्येक रुग्णाला हे लागू पडतं असं सिद्ध झालेलं नाही. पण ‘सगळं मनाचे खेळ आहेत’ हे उत्तर आता डॉक्टरांनी देऊ नये, एवढा पुरावा नक्कीच आहे.

ते उत्तर तसं जुनंच. जुलै १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात कर्मचारी भराभर आजारी पडू लागले. ताप, घसादुखी, मग स्नायूंत वेदना, अशक्तपणा, मुंग्या. दोनशेहून अधिक जणांना लागण झाली आणि रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. विषाणू काही सापडला नाही. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, एकाही रुग्णाला न तपासता, जुने कागद चाळून ही सामूहिक हिस्टेरियाची साथ असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या कारणांपैकी एक असं, की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या! या निष्कर्षाची सावली अशा रुग्णांवर पुढे कित्येक वर्षं राहिली.

लाँग कोविडवर हमखास औषध आज नाही. पॅक्सलोव्हिड हे विषाणूविरोधी औषध पंधरा दिवस देऊन स्टॅनफर्डनं चाचणी घेतली. २०२४ मध्ये निष्कर्ष आला, काही फरक नाही. ‘डिटॉक्स’च्या बाटल्या विकणाऱ्यांना ही पोकळी फार मानवते. उपयोग होतो तो लक्षणागणिक उपचारांचा आणि ताकद जपून वापरण्याचा. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी प्रकृती ढासळत असेल, तर ‘चाल, व्यायाम कर, बरं वाटेल’ हा सल्ला उलटतो. धडधडीचं निदान तर साधं आहे. झोपून मोजलेली नाडी उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत तिसाहून अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर ‘पॉट्स’ची, म्हणजे उभं राहताच नाडी अवाजवी वाढण्याच्या विकाराची, शंका घ्यावी. अशा नोंदी वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. ‘कसंतरी होतंय’पेक्षा त्या जास्त ऐकल्या जातात.

मात्र प्रत्येक लक्षण लाँग कोविडच्या खात्यावर टाकू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात आधी जुलाब आणि मग पायांतली शक्ती जाणं, असे गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले. अनेकांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. जुलाबानंतर हातपाय लुळे पडू लागले, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. शौचातून रक्त जाणं किंवा वजन झपाट्यानं घटणं यासाठीही डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.