बेकायदा जमाव
बेकायदा जमाव : गुन्हेगारी बळाने शासनास धाक घालणे, कायद्याच्या अंमलबजावणीस प्रतिकार करणे, मालमत्तेची नासधूस करणे यांसारखे विधिनिषिद्ध समान उद्दिष्ट असलेल्या पाच किंवा अधिक व्यक्तींच्या समूहास बेकायदा जमाव म्हणतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ही व्याख्या १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मध्ये बव्हंशी तशीच आहे. प्रारंभी कायदेशीर असलेला जमावही पुढे बेकायदा ठरू शकतो. शांततेने व निःशस्त्र एकत्र जमण्याचा नागरिकांचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये मान्य केलेला असल्यामुळे, मोर्चा वा निदर्शने हा स्वयमेव गुन्हा नव्हे.

अशा जमावाचा सदस्य असणे हा सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. जमावाने वा त्याच्या एखाद्या सदस्याने समान उद्दिष्टासाठी बळाचा वापर केल्यास त्यास दंगा म्हणतात. समान उद्दिष्टाच्या सिद्धीसाठी एकाने केलेल्या गुन्ह्याबद्दल त्या वेळी सदस्य असलेला प्रत्येकजण दोषी ठरतो (कलम १९०). दगड एकाने मारला, तरी शिक्षा अनेकांस होऊ शकते. म्हणून आरोपी खरोखर सदस्य होता की केवळ बघ्या, हा अशा खटल्यांतील कळीचा प्रश्न होय.

अटक झालेल्या व्यक्तीस अटकेची कारणे सांगणे, तिला वकिलाचा सल्ला घेऊ देणे व प्रवासाचा काळ वगळता चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे अनुच्छेद २२ अन्वये बंधनकारक आहे. १९६८ मध्ये बिहारमधील लखीसराय येथे मधू लिमये यांना अटक झाली, तेव्हा ही कारणे कळविण्यात आली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. नंतरच्या कोठडीच्या आदेशांनी मूळ दोष दूर होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. वकील नेमण्याची ऐपत नसलेल्या आरोपीस विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत साहाय्य मिळते.

जमावाचे सदस्यत्व व साधा दंगा हे गुन्हे जामीनपात्र आहेत. कर्तव्य बजावणाऱ्या लोकसेवकावरील हल्ला मात्र अजामीनपात्र आहे. सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक अधिनियम, १९८४ खालील मुख्य गुन्ह्यांत अभियोग पक्षास म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज कोठडीतील आरोपीस जामीन देता येत नाही. जमावबंदीसारख्या आदेशाच्या भंगाची दखल न्यायालय संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेऊ शकते. अशी तक्रार नसल्यास बचाव पक्षास त्या आरोपाविरुद्ध भक्कम आक्षेप मिळतो.

पुराव्याबाबत मसलती खटल्यातील निर्णय (१९६४) महत्त्वाचा आहे. प्रत्येक सदस्याने प्रत्यक्ष कृती केल्याचे सिद्ध करणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. तथापि आरोपी व साक्षीदार मोठ्या संख्येने असतील, तेथे दोन-तीन वा अधिक साक्षीदारांच्या सुसंगत जबानीचा आधार असल्यासच दोषी ठरविण्याची कसोटी ग्राह्य मानली. त्यामुळे नावे, जागा, वेळ व ओळख यांतील तफावत दाखविण्यावर बचावाचा भर असतो. अलीकडे चित्रफितींनाही महत्त्व आले आहे.

सरकारी अभियोक्त्यास न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेता येतो. आजी-माजी खासदार व आमदार यांच्याविरुद्धचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेऊ नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. जमावास शिक्षा करता येत नाही. ती व्यक्तीलाच होते. त्यामुळे समूहाच्या कृत्याची जबाबदारी निश्चित करताना निरपराध व्यक्ती वेगळी काढणे, हीच या कायद्याची खरी कसोटी होय.