मुंगीची जात आणि मोजपट्टी



आपल्या घरात मुंग्यांच्या दोनच जाती मानतात. चावणारी लाल आणि न चावणारी काळी. शास्त्राला मात्र १४,००० हून अधिक जाती ठाऊक आहेत व त्यांतल्या कित्येक भिंगाखालीही सारख्याच दिसतात. रंगावर विसंबावे, तर कोषातून नुकतीच निघालेली मुंगी फिकट असते, पुढे गडद होते. अशा वेळी अभ्यासक मोजपट्टी हाती घेतो.

मोजायचे काय? सबंध लांबी उपयोगाची नाही, कारण मुंगीचे पोट खाल्ल्यावर फुगते आणि वाळल्यावर आक्रसते. म्हणून कठीण भाग घ्यावयाचे. डोक्याची लांबी व रुंदी, मिशीच्या पहिल्या लांब पेराची लांबी आणि धडाची लांबी. ही मापे सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगात आखलेल्या पट्टीने घेतात. डोके जरासे कलले, तरी लांबी कमी भरते.

नुसत्या मापाने लहानमोठेपणा कळतो, घडण कळत नाही. त्यासाठी प्रमाण काढावे लागते. समजा, एकीचे डोके १ मि.मी. रुंद व १.२५ मि.मी. लांब आहे, दुसरीचे ०.८ रुंद व १ लांब. दोन्हींत रुंदी लांबीच्या शेकडा ८० भरते. दुसरी लहान खरी, पण घडण तीच.

येथवर सोपे वाटते. आता आपल्या परिचयाचा मुंगळा घ्या. एकाच वारुळात लहान व मोठे कामकरी असतात. हा भेद वयाचा नव्हे, कारण कोषातून निघाल्यावर मुंगी वाढत नाही. पण मोठ्याचे डोके अंगाच्या मानाने अधिक रुंद असते आणि मिशीचे पेर डोक्याच्या मानाने आखूड. केवळ प्रमाण पाहणारा सख्ख्या बहिणींना दोन जातींत वाटून टाकील!

यावर उपाय असा की, सारख्या आकाराच्या मुंग्यांचीच तुलना करावी. जर्मनीतील ग्योर्लिट्झचे बर्नहार्ड सायफर्ट यांनी हे गणिताने साधले. सर्व मुंग्या एकाच आकाराच्या असत्या, तर प्रत्येकीचे प्रमाण किती भरले असते, हे ते काढतात. शिवाय एका वारुळातील अनेक मुंग्या मोजून सरासरी घेतात. एकटीच्या मापात न दिसणारा भेद पुष्कळदा या सरासरीत दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी? युरोपात फरसबंदीखाली राहणाऱ्या एका मुंगीला टेट्रामोरियम सेस्पिटम म्हणत. मापे, नरांच्या जननेंद्रियांची घडण आणि आनुवंशिक द्रव्य ही तिन्ही ताडून २०१७ साली संशोधकांनी दाखवले की, या सारख्या दिसणाऱ्या मुंग्यांच्या युरोपात दहा जाती आहेत. अमेरिकेत त्याच नावाने ओळखली जाणारी मुंगीही निराळी, टेट्रामोरियम इमिग्रान्स, ठरली. म्हणजे तिच्याविषयी लिहिलेले कितीतरी ज्ञान दुसरीच्याच खात्यावर जमा झाले होते.

तात्पर्य, मोजपट्टी एकटी निवाडा देत नाही. ती एक चांगली साक्षीदार आहे. ज्यांनी वारूळ, ठिकाण व तारीख यांची चिठ्ठी लावून मुंग्या नीट जपून ठेवल्या, त्यांच्या संग्रहातील चुकलेली नावे आजही दुरुस्त करता येतात. ज्याने केवळ नाव टिपले आणि मुंगी टाकून दिली, त्याची चूक मात्र कायमची राहते.