नको असलेला रतीब बंद कसा कराल?

दुधाचा रतीब नको झाला, की आपण काय करतो? सकाळी दारातच सांगतो, "दादा, उद्यापासून दूध नको हं." महिनाअखेर हिशेब चुकता केला, की विषय संपला. पेपरचंही तसंच. मोबाइलवर लागलेले रतीब मात्र असे तोंडी बंद होत नाहीत. मालिकांचं ॲप, गाण्यांचं ॲप, मुलांच्या अभ्यासाचं ॲप; 'पहिला महिना फुकट' म्हणून घेतलं जातं आणि दुसऱ्या महिन्यापासून खात्यातून गुपचूप पैसे जाऊ लागतात.

हे काही पुण्या-मुंबईचंच दुखणं राहिलेलं नाही. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते जिथं मिळतात, त्या आळेफाट्यावर आता भाजीचे पैसेसुद्धा मोबाइलवरून दिले जातात. म्हणजे आळ्यातल्या गृहिणीचं बँकेचं खातं तिच्या हातातल्या फोनला जोडलेलं आहे. २०२४ साली सुरू झालेल्या 'लाडकी बहीण' योजनेचे पैसे कित्येकींच्या याच खात्यात येतात. समजा, त्यातून महिन्याला १४९ रुपये नको असलेल्या ॲपला गेले, तर वर्षाचे झाले १,७८८. थेंबे थेंबे तळं साचतं, तसं आटतंही!

ॲप काढलं म्हणजे झालं?

नाही! इथंच बहुतेक जणी फसतात. ॲप फोनवरून काढून टाकणं म्हणजे दुधाचं पातेलं आत ठेवून देणं. रतीब चालूच राहतो. पहिल्या दिवशी एक-दोन रुपये भरताना पिन टाकलेला असतो, तीच पुढच्या पैशांची परवानगी ठरते. यूपीआयवरची ही 'ऑटोपे' सोय जुलै २०२० मध्ये सुरू झाली. साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम मग पुन्हा पिन किंवा ओटीपी न विचारता जाऊ शकते. म्हणून ही परवानगीच मागे घ्यायला हवी.

तीन कामं, याच क्रमानं

१. आधी शोधा. आळ्यात रेड्याची समाधी आहे. रेड्याला बोलतं करणं ज्ञानेश्वर माउलींचं काम, पण पासबुकाला बोलतं करणं आपल्यालाही जमतं! तीन महिन्यांच्या नोंदी भरून घ्या. तीच रक्कम ठरावीक तारखेला गेलेली दिसली, तर तिथं पेन्सिलीनं खूण करा.

२. ॲपमध्ये किंवा जिथून घेतलं तिथं सेवा बंद करा. प्ले स्टोअरमधून घेतली असेल, तर तिथं स्वतःच्या फोटोवर बोट ठेवून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' उघडा. 'रद्द झाले' असा मजकूर दिसला, की त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तीच आपली पावती.

३. मग पैशांची परवानगी काढून घ्या. ज्या यूपीआय ॲपनं पैसे देता, त्यात 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' अशी यादी असते. नको ते नाव निवडून रद्द करा. कार्डावरून पैसे जात असतील, तर बँकेच्या ॲपमध्ये पाहा, नाहीतर शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी आणि तेव्हा नकार देण्याची सोय हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण पुष्कळ घरांत बाईच्या खात्याला नंबर असतो यजमानांचा नाहीतर मुलाचा. सूचना त्यांच्या फोनवर येते आणि तिथंच राहते. खात्याला आपला स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्यात संकोच कसला?

सरसकट कात्री नको

पासबुकात मे महिन्याच्या सुमारास ४३६ आणि २० रुपये गेलेले दिसले, तर घाबरू नका. ते बहुधा जीवनज्योती आणि सुरक्षा या पंतप्रधान विमा योजनांचे वर्षाचे हप्ते असतात. पहिल्यात कोणत्याही कारणानं आणि दुसऱ्यात अपघातानं मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. तो विमा चालू ठेवायचा की नाही, हे घरी बोलून ठरवा. नकोच असेल, तर शाखेत लेखी कळवा. कर्जाचा हप्ता मात्र असा थांबवू नये, दंड बसतो.

तरीही दाद लागली नाही तर?

सेवा घेणं सोपं आणि सोडणं मुद्दाम अवघड करणं, याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये गैर ठरवलं आहे. कंपनी ऐकत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीचा नंबर १४४४८.

मात्र "तुमचं ऑटोपे बंद करून देतो, ओटीपी सांगा," असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. रतीब बंद करायला दूधवाल्याला कपाटाची किल्ली द्यावी लागत नाही!

येत्या एक तारखेला वाण्याचा हिशेब कराल, तेव्हा ही यादीही उघडून पाहा. वापरात काय आहे आणि पडून काय आहे, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?